नानांचा कंडेन्सर

नाना तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण त्रुटी काढायची सवय निवृत्त झाली नाही. पूर्वी अर्जांत काढायचे, आता मिक्सरात, पंख्यात आणि शेजाऱ्यांच्या बेलमध्ये काढतात. वायरमनला बोलावणं म्हणजे त्यांच्या लेखी वरिष्ठांकडे तक्रार जाण्यासारखं.

गाडी धुवायचं प्रेशरचं मशीन त्यांनी 2021च्या पुरानंतर घेतलं. गाडी त्यांच्याकडे नाहीच. 22 जुलैला सावित्री नदी घरात शिरली आणि जाताना सगळा चिखल मागे ठेवून गेली. तो खराट्याने काढताना नानांनी पण केला. तेव्हापासून मशीन माळ्यावर, सातबाऱ्याच्या पेटीशेजारी. दर जूनमध्ये खाली उतरतं, त्याची तालीम होते, परत वर जातं.

यंदा तालमीत ते नुसतंच घुमलं. फिरेना.

"आवाज देतेय म्हणजे मोटर जिवंत आहे," नाना म्हणाले, आणि ते खरंही निघालं. अशा मोटरला सुरू होताना कंडेन्सरचा टेकू लागतो. तो गेला की ती घुमते, तापते, पण जागची हलत नाही. मला बॅटरी धरायला लावून आणि अकरा स्क्रूंची कागदावर नोंद करून नानांनी झाकण उघडलं. आत कंडेन्सर पोट फुगवून बसला होता. "बघ! त्रुटी सापडली," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर पगारवाढीचा आनंद होता.

बिस्किटांच्या डब्यात पंख्याचा जुना कंडेन्सर होता, तो लावून झाला. पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा, मशीनला हवा 40चा. गाड्याला बैलाऐवजी करडू जुंपल्यासारखी गत. आता महाडात मागायला जावं, तर दुकानदार विचारणार, "नाना, आज काय खोललंत?" म्हणून नाना एसटीने पोलादपूरला गेले, मोटर वाइंडिंगवाल्याकडून 40चा घेतला आणि बहिणीकडे जेवूनच परतले.

जुन्या वायरमन लोकांची एक परीक्षा असते. (तुम्ही करू नका.) कंडेन्सर क्षणभर प्लगात घालायचा आणि मग त्याची दोन टोकं एकमेकांना भिडवायची. ठिणगी उडाली तर माल चांगला. नानांनी पहिला अर्धा भाग केला, तेवढ्यात पोलादपूरहून बहिणीचा फोन आला. तिच्याकडे पाऊस लागला होता, म्हणजे सावित्रीचा विषय निघणारच. नानांनी कंडेन्सर बंडीच्या खिशात टाकला. फोन संपल्यावर खिशात हात घातला आणि दीड फूट मागे उडाले.

"अरे, बॅटरी नीट धर!" ते माझ्यावर ओरडले.

"प्लग काढलाय ना?" काकूंनी आतून विचारलं.

"कधीच काढलाय!"

"आणि वीज खिशात घातलीत."

शेवटी कंडेन्सर बसला. स्क्रू नऊच लागले. उरलेले दोन 'कंपनीने जादा दिलेले' म्हणून डब्यात गेले. मशीन सुरू झालं आणि नानांना चेव चढला. गाडीच्या टायरात हवा असते 2 बारच्या आसपास, हे पाणी मारतं 100 बारच्या वर. त्यांनी जोर अजमावायला फवारा पडवीच्या भिंतीवर धरला. शेवाळ गेलं, चुना गेला आणि चुन्यावर गेरूने ओढलेली 2021च्या पुराची रेघही गेली. खालची 2005ची तेवढी वाचली.

पडवीत शांतता पसरली. ती रेघ पाहुण्यांना दाखवल्याशिवाय आमच्याकडे चहा येत नाही.

नानांनी गेरू आणला. "पाणी इथवर होतं. माझ्या छातीला."

"छातीला?" काकू दारात आल्या. "तुम्ही तर माळ्यावर होतात. छाती कधी मोजलीत?"

नाना भिंतीकडे बघत राहिले. बाहेर अंधारून आलं होतं. मग त्यांनी गेरू माझ्या हातात दिला आणि बॅटरी स्वतः धरली.