आधी तुमचा फोटो होऊ द्या

सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचे मी इतके फोटो काढले आहेत, की तिथला एखादा दगड इकडचा तिकडे झाला तर मला घरबसल्या सांगता येईल. दहा एकरांची ही जपानी बाग म्हणजे पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीची खूण. ती ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे, ही माहिती पुणेकर पाहुण्याला फाटकापाशीच देऊन टाकतो. मीही द्यायचो. मूळ बाग आपण पाहिलेली नाही हे मात्र पाहुण्याला कळू द्यायचं नसतं.

पण भाचीला ओकायामाजवळ दुभाष्याची नोकरी लागली आणि पंचाईत झाली. पुण्यात दर चौथ्या इमारतीत कुणीतरी जपानी शिकत असतं असा माझा समज आहे. आमच्या इमारतीतली ती. फोनवर सहज म्हणाली, "मामा, ये की एकदा, खरी बाग बघून जा." तिला वाटलं, मामा हसून सोडून देईल. मामाने तिकीट काढलं. 'पूर्वरंग'मध्ये पुलंनी आपल्याला जपान दाखवलंय, आता आपण निदान पुलंच्या बागेची आई तरी बघावी, असा उदात्त विचार त्यामागे होता. सवलतीचं तिकीट हा दुसरा.

ओकायामा स्टेशनबाहेर मोमोतारोचा पुतळा आहे. पीच फळातून जन्मलेला हा लोककथेतला पोरगा राक्षस मारायला निघाला आणि वाटेत कुत्रा, माकड आणि एक पक्षी यांना किबी-दांगो, म्हणजे तिथले गोड लाडू, देऊन त्याने आपली फौज जमवली. माझ्या पाठीवर दोन कॅमेरे, तीन लेन्सा, फिल्टरांची डबी, जास्तीच्या बॅटऱ्या आणि आईने दिलेला चिवडा होता. ट्रायपॉड भाचीने आधीच खोलीत काढून ठेवायला लावला होता. पुतळ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मामा, हा राक्षस मारायला गेला ना, तेव्हासुद्धा इतकं सामान नव्हतं याच्याकडे."

बागेकडे जाताना आसाही नदीवरचा पूल ओलांडावा लागतो आणि मागे वळलं की ओकायामाचा किल्ला दिसतो. तो काळाकुट्ट आहे, म्हणून त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. 1945च्या बाँबहल्ल्यात मूळचा जळाला. आता दिसतो तो 1966 साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला, आत लिफ्टही आहे. गडावर लिफ्ट ही कल्पना सिंहगड चढताना अनेकदा माझ्या मनात येऊन गेली आहे, पण तो विषय वेगळा. काळी वस्तू कॅमेऱ्याला फसवते. मीटरला वाटतं इथे अंधार आहे, मग तो भरमसाट उजेड आत घेतो आणि कावळ्याचं कबूतर होतं. मी एक्स्पोजर दीड स्टॉप खाली आणलं, कावळा काळा राहिला आणि तेवढ्यावर मी स्वतःवर फार खूश झालो. दिवसभरात पुन्हा तसा योग आला नाही.

त्याला कारण ऊन. कमी पावसाचा प्रांत म्हणून ओकायामा 'हारे नो कुनी' हे बिरुद मिरवतं. निरभ्र आकाशाचा देश. जूनचा पहिला आठवडा होता, डोक्यावर लख्ख सूर्य होता आणि भेटेल तो माणूस भाचीला सांगत होता की तुमच्या मामांना काय सुंदर हवा मिळाली! आता यांना कसं सांगावं की फोटोग्राफरला भरदुपारचं ऊन म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढलेलं एरंडेल! झाडांखाली काळे खड्डे, पाण्यावर पांढरे चट्टे आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या. मला ढग हवे होते. सगळं जपान माझं अभिनंदन करत होतं आणि मी आकाशाकडे बघून दातओठ खात होतो.

दहा एकरांवर पोसलेला माणूस तेहतीस एकरांत शिरला की आधी त्याची दिशाभूल होते. बाग कोपऱ्याकोपऱ्याने उलगडेल अशी माझी तयारी होती. समोर अचानक हिरवळीचं मैदानच आलं. जपानी बागेत इतकी मोठी हिरवळ सहसा नसते, तिथे शेवाळ आणि वाळूचं राज्य असतं. इकेदा त्सुनामासा नावाच्या इथल्या सरदाराने मात्र 1687 मध्ये काम सुरू करवलं आणि 1700 साली ही ऐसपैस बाग पुरी झाली. सामान्य लोकांना ती रोजची उघडी झाली 1884 मध्ये. कोराकुएन हे नाव 1871चं. आधी प्रजेची चिंता वाहावी, सुख त्यानंतर भोगावं, या राज्यकर्त्यांसाठीच्या चिनी उपदेशातून ते आलंय. त्याच वर्षी जपानातली सरदारांची संस्थानं खालसा झाली. म्हणजे सुखाची पाळी आली तेव्हा भोगायला राज्य उरलं नव्हतं.

मी पहिली जागा निवडली. तळं, तळ्यात बेट, मागे टेकडी, कडेला किल्ल्याचं टोक. फ्रेम इतकी नेटकी जमली की मला माझाच संशय आला. दहा पावलं पुढे गेलो, तिथेही जमली. वळणावर झाडाने तळं झाकलं, चार पावलांवर पुन्हा दाखवलं. मग ट्यूब पेटली. आपण काही जमवत नाही आहोत. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथे उभं राहून हे सगळं आखून ठेवलंय. बाहेरची टेकडी आणि किल्लासुद्धा त्या आखणीत धरलेला आहे. याला ते लोक 'शाक्केई' म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी यांनी शेजारची टेकडी आणली आहे, आणि परत करायचा प्रश्नच नाही. आमच्याकडेही मागची इमारत फोटोत येते, पण ती उसनी मागावी लागत नाही.

मग मी बंडखोरी म्हणून आखणीबाहेरचं काहीतरी शोधायला लागलो. चहाचा मळा सापडला. त्यानंतर भाताचं छोटं खाचर सापडलं. ते टिपलं आणि उत्साहाने बहिणीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "पौडला गेला होतास का?" युइशिन्झान नावाच्या टेकडीवरही चढलो. पुढच्या पिढीतल्या सरदाराने सपाट बागेला जरा उंची आणायला ती घातली. उंची सहा मीटर. पर्वतीच्या पायऱ्या चढणारा माणूस मी, पण अर्ध्यावर थांबलो. पाठीवर चिवडा होता.

लाल टोपीच्या क्रौंचांची गोष्ट मात्र सांगायला हवी. बागेतले क्रौंच महायुद्धानंतर उरले नाहीत. मग तरुणपणी ओकायामात शिकून गेलेले चिनी विद्वान क्वो मोरुओ यांनी 1956 साली दोन क्रौंच भेट दिले. आजचे क्रौंच जाळीमागे असतात. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवावी, अॅपर्चर पूर्ण उघडावं, पक्षी लांब उभा असावा, की जाळी फोटोतून विरून जाते. मी हे सगळं केलं. जाळी विरली. त्याच क्षणी क्रौंचाने पाठ फिरवली. वीस मिनिटं मी त्याच्या पाठीला धरून होतो. शेवटी भाची म्हणाली, "मामा, तो पुणेरी आहे, दुपारी भेटणार नाही."

आणि मग यात्सुहाशी आली. आठ फळ्यांचा हा नागमोडी साकव आयरिसच्या ताटव्यातून जातो आणि त्या आठवड्यात जांभळी आयरिस फुललेली होती. शेजारीच र्‍यूतेन नावाचं विसाव्याचं घर आहे. त्याच्या मधोमध ओहोळ वाहतो आणि ओहोळात रंगीत दगड मांडलेले आहेत. सरदारांची ही चैन 1945च्या हल्ल्यातून सहीसलामत वाचली. बागेतलं बाकी बरंच काही मात्र जुन्या चित्रांवरून पुन्हा उभारावं लागलं. कुणीतरी कुंचल्याने काढून ठेवलेल्या चित्रांवरून! हे ऐकून मी कॅमेऱ्याची टोपी जरा अदबीने काढली.

साकवाच्या या टोकाला मी उकिडवा बसलो. फुलं, फळ्या, पाणी, सगळं जागच्या जागी. फक्त पलीकडे एक आजी-आजोबा उभे होते. म्हटलं, हे एकदा जाऊ देत. थांबलो. ते जाईनात. त्यांच्या मागे एक कुटुंब येऊन थांबलं. मग शाळेच्या पोरांची रांग आली, तीही शांतपणे थांबली. पुण्यात एवढ्या वेळात माझ्या फ्रेममधून दोन वराती गेल्या असत्या. इथे एक चिटपाखरू हलेना. मी कॅमेरा डोळ्याला लावून घामाघूम, मनात म्हणतोय, जा बाबांनो. आजोबांनी लांबूनच किंचित वाकून मान हलवली. मीही उकिडव्यानेच मान हलवली. पुन्हा शांतता.

भाची धावत आली. "मामा, काय करतोयस?"

"ते जायची वाट बघतोय."

"अरे, ते तुझा फोटो होण्याची वाट बघताहेत! कॅमेऱ्यासमोरून कसं जायचं म्हणून थांबलेत. काहीही काढ, पण बटण दाब."

मी बटण दाबलं. क्लिक ऐकू येताच पलीकडची सगळी माणसं एकदम सुटली. एकेक जण फळीवरून जाताना वाकून क्षमा मागत होता आणि मी उठून प्रत्येकाला उलट नमस्कार करत होतो. गळ्यातला कॅमेरा दर नमस्काराला गुडघ्यावर आपटत होता. शाळेची पोरं बेचाळीस होती. मोजायला वेळ भरपूर मिळाला.

बागेतून मी सहाशे अकरा फोटो आणले. घरी पाहुण्यांना दाखवले की ते म्हणतात, "छान आलंय सिंहगड रोड." तेव्हा एक नम्र विनंती. सिंहगड रोडच्या बागेत कुणी गृहस्थ उकिडवा बसून कॅमेरा रोखताना दिसला, तर थांबू नका. समोरून खुशाल जा. तुम्ही थांबणार नाहीच म्हणा, पण आता मला ते मनापासून आवडायला लागलंय.