बेंटली मोटर्सना, सोफ्यासंबंधी

मा. संचालक मंडळ,
बेंटली मोटर्स, मुक्काम क्रू, इंग्लंड

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण 2013 पासून सोफे, पलंग आणि टेबलंही विकता असं उशिराच कळलं. आपली गाडी घेण्याचा योग या जन्मी दिसत नाही. निदान तिच्या नावाच्या खुर्चीवर टेकता येईल, म्हणून मनापासून आनंद झाला.

आपल्या नावाबद्दल आदर आहेच. डब्ल्यू. ओ. बेंटली साहेबांनी 1919 मध्ये कंपनी काढली आणि त्यांच्या गाड्यांनी ल मांची चोवीस तासांची शर्यत आधी 1924 ला आणि मग 1927 ते 1930 अशी सलग चार वर्षं जिंकली. 1931 मध्ये कंपनी रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली, तरी नाव टिकलं. कमाईच तशी होती, रात्रभर गाडी पिदडून केलेली. आता तेच नाव सोफ्याला लागलं आहे. सोफ्याला पळावं लागत नाही, कबूल. पण त्याचीही ल मां असते आणि ती आमच्याकडे गणपतीत भरते. एक आत्या, दोन मेव्हणे आणि चार पोरं, त्यातलं एक मांडी घालून जिलबी खाणारं. या शर्यतीत आपल्या कारागिरांनी माल उतरवून पाहिला आहे का, तेवढं कळवावं.

कारागीर असं लिहिलं खरं, पण ते आपले नव्हेतच. हे सामान सुरू झालं ते इटलीत, फोर्लीच्या लक्झरी लिव्हिंग ग्रुपकडे. फेंडी आणि बुगाटी यांच्या नावाचं फर्निचरही याच मंडळींनी केलं. म्हणजे तीन मोठ्या घराण्यांच्या गाद्या एकाच पेढीवर! आपल्याकडून गेलं ते नाव, आणि गाडीच्या सीटवरचे ते शंकरपाळ्यांसारखे टाके.

नाव फिरवण्याला माझी हरकत नाही. टाटांचं नाव आमच्याकडे ट्रकवर आहे आणि 1983 पासून मिठाच्या पुडीवरही. पण ते मीठ चाखताना ट्रकची आठवण यावी, अशी टाटांची अपेक्षा नसते. मीठ खारट निघालं की व्यवहार पुरा. आपल्या सोफ्यावर बसणाऱ्याला मात्र मनातल्या मनात इंजिन ऐकू यायला हवं, नाहीतर पैसे कशाचे मोजले?

बुगाटींना निदान घराण्याचा दाखला देता येतो. एत्तोरे बुगाटींचे वडील कार्लो हे मिलानचे नामांकित फर्निचरवाले, 1902 च्या तुरीनच्या प्रदर्शनात गाजलेले. तिथे खुर्ची आधी आणि गाडी नंतर. फ्रान्सच्या प्यूजोंचंही तसंच. 1840 ला कॉफी दळायचं यंत्र, 1874 ला मिरी दळायचं, आणि गाडी त्यानंतर, 1889 ला. गाडीवरचा तो सिंहसुद्धा मुळात त्यांच्या करवतीच्या पात्यांचा. प्यूजो नावाची मिरीची चक्की आजही मिळते आणि लोक ती घेतात, कारण ती मिरी दळते. तिच्यासाठी कुणाला रेसचा इतिहास पाठ करावा लागत नाही.

पोर्शेवाल्यांनी तर 911 जीटी3 चा खराखुरा एग्झॉस्ट घेऊन त्याचा साउंडबार केला. आवाज दाबायला जन्मलेला डबा आता दिवाणखान्यात गाणी वाजवतो. हास्यास्पद आहे, पण भाग गाडीचाच आहे हो! आपल्या सोफ्यात आपला एक स्क्रू तरी आहे का?

म्हणून एक नम्र सूचना. मायामीजवळ सनी आइल्स बीचला साठाहून अधिक मजल्यांची बेंटली रेसिडेन्सेस ही इमारत ठरली आहे आणि तिथे मालकाला गाडीत बसूनच लिफ्टने थेट आपल्या मजल्यावर जाता येईल, असं वाचलं. गाडी घराला लागून उभी राहणारच असेल, तर रात्री तिची मागची सीट तेवढी काढून टीव्हीसमोर मांडायची सोय करून द्यावी. चामडं तेच, टाके तेच, शिवाय काम अस्सल क्रूचं. सकाळी परत बसवली की साहेब ऑफिसला मोकळे. इटलीची खेप वाचेल आणि नावाचं भाडं कुणाला द्यावं लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियोजित गिऱ्हाईक

ता. क. सीट काढायला लागणारा पाना मात्र सोबत द्यावा. त्यावर आपलं नाव असलं तर माझी अजिबात हरकत नाही.