बोटभिजवे

बोटभिजवे मलकापुरात पुष्कळ आहेत असं लिहिलं तर मलकापूरकर रागावतील, म्हणून आधीच सांगतो: ते कोल्हापुरातही आहेत, आणि पुण्यातले तर हात धुण्याऐवजी बेसिनवरच्या आरशात भांग बघतात. पण नीट न्याहाळावेत ते मलकापूरचेच. रत्नागिरीकडं जाणाऱ्या गाड्या आंबा घाट उतरण्याआधी इथं चहा-वड्याला थांबतात, त्यामुळं हॉटेलातल्या बेसिनला उसंत नसते.

बोटभिजवे येतात तेव्हा दिवसभराची कमाई हातावर असते. नोटा मोजलेल्या, सुटेना ती नोट अंगठा जिभेला लावून सोडवलेली, म्हशीच्या पाठीवर थाप मारलेली, मोटरसायकलची चेन चढवलेली. नळ सोडून ते उजव्या हाताची तीन बोटं पाण्याला नुसती दाखवतात. डाव्या हातात फोन असतो, त्यामुळं तो या कार्यक्रमातून वगळलेला. मग विजारीला पुसलं की झालं. साबणाचं नाव काढलं तर म्हणतात, "राबनारं हात हायेत हे! आमास्नी काय बी हुत न्हाई." पुढं जुलाब लागतात तेव्हा दोष रश्शाचा. कावीळ झाली तर पाण्याचा. दोन्हीही नाही पटलं तर कुणाची तरी नजर लागलेली असते.

हेच बोटभिजवे जेवण झाल्यावर बघावेत! तांबडा रस्सा ओरपून उठले की साबण हवा, लिंबाची फोड हवी, नखं घासायची, मनगटापर्यंत फेस करायचा आणि चूळ अशी मारायची की शेजारच्याची आंघोळ व्हावी. शेवटी हॉटेलच्या त्या टॉवेलला हात पुसायचे, ज्याचा मूळ रंग मालकालाही आठवत नाही. रश्शाचं तेल दिसतं, जंतू दिसत नाहीत; आणि बोटभिजव्यांचा सगळा विश्वास डोळ्यांवर आणि नाकावर.

त्यांना अडाणी म्हणू नका, असले लोक व्हिएन्नात डॉक्टर होते. 1847 साली तिथल्या मोठ्या इस्पितळात मुडदे चिरून ते थेट बाळंतिणी तपासायला जात. एप्रिलमध्ये त्यांच्या प्रसूती विभागात शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या. इग्नाझ सेमेलवाईस या तरुण डॉक्टरला वाटलं, हातांवरून काहीतरी जातंय. नुसत्या साबणानं मुडद्याचा वास जाईना, म्हणून त्यानं सगळ्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायला लावले. उन्हाळ्यात मृत्यू शंभरी दोनच्या आसपास आले. तरी बड्या मंडळींना राग आला: आमचे हात घाण? बिचारा 1865 मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि बोटभिजवे एकदम बदलले. दुधाची पिशवी धुतली, कोथिंबीर धुतली, नोटांना इस्त्री केली. दुकानाच्या दारात सॅनिटायझरचा थेंब मिळाला की तीर्थासारखा तळहातावर घेऊन उरलेला डोक्यावरून फिरवत. साथ ओसरली, बाटली वाळली, आणि तीन बोटं पुन्हा कामावर रुजू झाली.

15 ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिन असतो. शाळेनं बोटभिजव्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. पोरांनी साबण लावून तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं असं सगळं 20 सेकंद चोळून दाखवलं. यांनी स्वच्छतेवर पाऊण तास भाषण केलं. मधेच खोकला आला तो मुठीत झेलला. आणि मग त्याच हातानं रांगेतल्या प्रत्येक पोराला पेढा दिला. नातवानं पेढा हातात घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, तुमी कवा धुतलासा?" आबांनी त्याला लाडानं गप्प केलं, त्याच हातानं, गालावर.

बोटभिजव्यांनी जेवायला बोलावलं तर मात्र खुशाल जा. चुलीपाशी वहिनी असतात, आणि त्या साबण लावल्याशिवाय पिठाला हात लावत नाहीत, नवऱ्यालाही परातीजवळ फिरकू देत नाहीत. फक्त लग्नकार्यात हे जिलेबीचं ताट घेऊन तुमच्या पंगतीत वाढायला उतरले, तर मधुमेह आहे म्हणून सांगा.