खास पुरुषांसाठी

"गाड्यांवर लिहिणाऱ्या बायका आपल्याकडे फारशा नाहीत, तेव्हा तुम्ही लिहाच," असं एका संपादकांनी मला सांगितलं. "फक्त जरा बाईच्या नजरेतून लिहा." माझ्याकडे दुसऱ्या कुणाची नजर नसल्यामुळे मी लगेच हो म्हटलं आणि लेख पाठवला. त्यात टर्बो लॅग होता, ताम्हिणी घाटात तिसऱ्या गिअरवर इंजिन कुठे दमतं ते होतं, मागच्या सस्पेन्शनबद्दल दोन कडू शब्दही होते. उत्तर आलं, "छानच जमलाय. पण पर्स कुठे ठेवायची, ते राहिलं."

बाईच्या नजरेत नेमकं काय येतं, हे अमेरिकेत फार पूर्वीच ठरून गेलं आहे. १९५५ साली क्रायस्लर कंपनीने डॉज 'ला फेम' ही गाडी खास स्त्रियांसाठी काढली. रंग गुलाबी आणि पांढरा. सीटच्या कापडावर गुलाबाच्या कळ्या. पुढच्या सीटांमागे एका बाजूला गुलाबी पर्स, तीत लिपस्टिक आणि पावडरची डबी; दुसऱ्या बाजूला रेनकोट, टोपी, छत्री. सगळं मॅचिंग. इंजिन मात्र डॉजच्या इतर गाड्यांचंच. त्या खात्यात स्त्रियांसाठी काही वेगळं सुचलं नसावं. दोन हंगामांत ही गाडी बंद पडली, म्हणजे रस्त्यात नव्हे, कारखान्यातच. अमेरिकन बायकांकडे घरच्या छत्र्या असाव्यात.

ती गाडी गेली, पण ती नजर आपल्या शोरूममध्ये सुखाने नांदते आहे. मी गाडी बघायला जाते तेव्हा नवरा बरोबर येतो, कारण तिथे कॉफी बरी मिळते. हा गृहस्थ जगातल्या समस्त गाड्या 'निळी' आणि 'ती दुसरी' अशा ओळखतो. मी विचारते, "ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे की ड्युअल क्लच?" सेल्समन माझ्याकडे बघून हसतो आणि उत्तर नवऱ्याला देतो. नवरा गंभीरपणे मान हलवतो. (ही मान माझ्या ओळखीची आहे. लग्नात गुरुजी संस्कृतात बोलत होते तेव्हाही अशीच हलत होती.) "ट्रॅफिकमध्ये तो तापतो का?" हा माझा पुढचा प्रश्न, उत्तर पुन्हा त्यालाच. शेवटी सेल्समनला माझी दया येते आणि तो माझ्या बाजूचा सनव्हायजर खाली ओढतो. "मॅडम, आरसा. लाइटसकट!" माझ्या बाजूचा, म्हणजे अर्थातच डावीकडचा.

आरशाचा विचार झाला, बरगड्यांचा राहून गेला. धडक-चाचणीत गाडीत बसवतात तो नेहमीचा पुतळा पुरुषाचा असतो, उंची साधारण पावणेसहा फूट, वजन ७८ किलो. 'बाई' म्हणून वर्षानुवर्षं जो चालवून घेतला, तो याच बुवाला आटवून केलेला, जेमतेम पाच फुटांचा आणि ४९ किलोंचा. सरासरी बांध्याच्या बाईवरून बेतलेला पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या चमूने जगापुढे ठेवला, तो २०२२च्या सुमारास. कार्ल बेंझने मोटारीचं पेटंट मागितलं १८८६ मध्ये. सरासरी बाईसुद्धा मोटारीत बसते, ही बातमी पोचायला १३६ वर्षं लागली.

खरं तर ती बेंझच्या घरातच फुटली होती. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याची गाडी मानहाइमहून फोर्ट्सहाइमला हाकत गेली. अंतर शंभरावर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून कातडं ठोकून घेतलं. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटार लांबचा पल्ला गाठू शकते हे जगाला कळलं, ते बाई माहेरी निघाली म्हणून. पर्स तिने कुठे ठेवली होती, याचा शोध मी घेते आहे.

माझा लाडका पुरावा मात्र संध्याकाळी डेक्कनला भेटतो. थार. रंग काळा, टायर अंगाबाहेर आलेले, मागच्या काचेवर 'नाद करायचा नाय', आत चौघे आणि आवाज चाळीस जणांचा. २०२० ची ही थार महिंद्राच्या ज्या डिझाइन विभागातून आली, त्याच्या प्रमुख रामकृपा अनंतन होत्या. शिक्षण पिलानीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि मग पवईच्या आयआयटीत डिझाइन. म्हणजे जिच्यात बसलं की छाती दोन इंच फुगते, ती एका बाईच्या देखरेखीखाली घडली. सिग्नलला काच खाली करून त्या चौघांना मी हे सांगणारच होते. पण सिग्नल सुटला आणि थार जागीच बंद पडली. पहिल्याऐवजी तिसरा पडला असावा.

पिंपरीत टाटांच्या हॅरियर-सफारीच्या जुळणीची सगळी लाइन बायकांच्या हाती दिली गेली, तेही आता जुनं झालं. तेव्हा 'बायका आणि गाड्या' या शिळ्या विषयाला मी रजा दिली आहे. कुणी पाय न ठेवलेलं क्षेत्र मला सापडलं आहे: पुरुष आणि गाड्या. पुरुषांनी गाड्यांवर ढिगाने लिहिलं, पण गाडीशेजारी उभ्या असलेल्या पुरुषाकडे कुणाचं लक्षच गेलेलं नाही.

बाई रिव्हर्स घेते आहे हे दिसताच टपरीमागून, जिन्याखालून, बंद दुकानाच्या पायरीवरून एक पुरुष प्रकट होतो. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." आणि खांबाला लागल्यावर "बास!" गाडीला कॅमेरा असतो, सेन्सर कोकलत असतो, पण त्यांना हातवारे नसतात ना. अशाच एका काकांना मी आदराने विचारलं, "आपली गाडी कोणती?" म्हणाले, "ॲक्टिव्हा."

दुसरा नमुना बोनेट उघडल्यावर सापडतो. पाच जण जमतात, हात मागे बांधून अंत्यदर्शनासारखे उभे राहतात आणि एकमताने म्हणतात, "बॅटरी असेल." पंक्चर असलं तरी.

या वर्गाच्या गरजांकडे वाहन उद्योगाने केलेलं दुर्लक्ष मला बघवत नाही. म्हणून मी एक गाडी सुचवते, खास त्यांच्यासाठी. बोनेटभोवती पाच जणांना टेकता येईल असा कठडा. डाव्या सीटपुढे एक ब्रेक, बायको चालवत असताना करकचून दाबायला. तो कशालाही जोडलेला नसेल. दाराला बारीकशी पन्हळ, म्हणजे सिग्नलला पिचकारी मारताना शर्टावर शिंतोडे येणार नाहीत. रंग तपकिरी, पिचकारीला मॅचिंग. इंजिनाची माहिती हवी असेल, तर येताना बायकोला घेऊन यावं. सेल्समन सगळं तिला नीट समजावून सांगेल.