कमरेच्या वर

सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजा नळदुर्गमार्गे निजामाच्या मुलखात शिरल्या. त्याआधी आपल्या जिल्ह्यात तिरंगा फडकवायचा म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवायची. आता तुळजापूरच्या रस्त्यावर गाडीगाडीत तो डुलतो, बहुधा पॉलिस्टरचा. 2021 पासून तोही चालतो. तिरंग्यासाठी बनणारी नांदेडची खादी बसली हात चोळत!

गणवेशावर झेंडा लावायला 2005 च्या दुरुस्तीने मुभा दिली, पण कमरेच्या वरच. शांतिसेनेतला जवान दंडावर छोटासा तिरंगा लावून परमुलखात पहारा देतो. मोटारीवर झेंड्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा मोजक्यांनाच. आमच्याकडे तो माजी सरपंचाच्या पुतण्यानेही परस्पर घेतलेला.

असो. सोळा ऑगस्टला गटारीत झेंडा दिसला तर तेवढा उचला, साहेब. फाटलेला असला तर एकांतात, सन्मानाने जाळायचा असतो.