कंपाउंडच्या भिंतीवरून

"बाई, इकडे या जरा. हळू बोला, आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचतायत."

"आता कुणाचं काय काढलंत?"

"समोरच्या तिसऱ्या मजल्यावरची हो. मगरपट्ट्यात आयटीत आहे ती. काल रात्री दहाला गाडीतळावर भेटली, शेअर रिक्षा शोधत. दारात स्कूटी उभी आहे! पण किल्ली नवऱ्याकडे. म्हणतो, सोलापूर रोडचं ट्रॅफिक तुला झेपायचं नाही."

"ते ट्रॅफिक कुणालाच झेपत नाही."

"ते झालंच. पण रिक्षात बसलं की नंबरप्लेटचा फोटो पाठवायचा, ऑफिसातून उठलं की मेसेज. ती कुठं आहे ते त्याला मोबाइलवर दिवसभर दिसतंच. आणि एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. सासू गल्लीभर सांगते, आमचा मुलगा बायकोची फार काळजी घेतो."

"हात उचलतो?"

"छे, आवाजसुद्धा चढवत नाही. एकदा म्हणाली, कार्ड माझ्याकडे राहू दे. तर दोन दिवस जेवलाच नाही. सासू हिच्याकडे बघत बघत भरलं ताट उचलायची. तिसऱ्या दिवशी हिनंच माफी मागितली. माहेरी सांगितलं तर म्हणाले, नशीबवान आहेस, मारत नाही."

"वळ दाखवावे लागत नाहीत, वहिनी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बायकोचा पगार काढून घेणंही येतं, पाणउतारा करणंही येतं. संरक्षण अधिकारी असतात, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो."

"आणि ऑफिसात तरी कुठलं सुख! मॅनेजर रात्री अकराला ग्रुपवर विचारतो, कोण कोण ऑनलाइन आहे. उत्तर नाही दिलं तर सकाळी सगळ्यांसमोर उद्धार. रजा मागितली की म्हणतो, आपण सगळे एक फॅमिली आहोत."

"मग सासूही आलीच त्यात. ऑफिसचंच म्हणाल तर २०२४ साली पुण्यातच झालं ना ते? केरळची सव्वीस वर्षांची सीए. मार्चमध्ये नोकरीला लागली, जुलैत गेली. आईनं कंपनीच्या अध्यक्षाला पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्यानं गेली म्हणून. ऑफिसातलं कुणी अंत्यविधीलाही आलं नाही म्हणून."

"वाचलं होतं. पण आमचे हे म्हणतात, धाक असल्याशिवाय माणूस घडत नाही."

"गोपाळराव जोशीही तसलेच. नऊ वर्षांची बायको, तिला शिकवायचा ध्यास. स्वयंपाकघरात दिसली की मार. लोक बायकोनं पुस्तक हातात घेतलं म्हणून मारायचे, याची तऱ्हाच उलटी."

"पण डॉक्टर झाली ना आनंदीबाई!"

"झाली, १८८६ ला. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला इथं पुण्यात गेली, बावीसही पूर्ण नव्हती. आता माराच्या जोरावर झाली की मार सोसूनही झाली, कोण सांगणार? अमेरिकेतून तिनंच नवऱ्याला लिहिलं होतं. दहाव्या वर्षी लाकडानं मारलंत, खुर्च्या-पुस्तकं फेकलीत, बाराव्या वर्षी सोडून जाईन म्हणालात. तुमचं वागणं बरं की वाईट म्हणाल तर दोन्ही. हेतूकडे बघून बरं, पण लहान पोरीच्या मनावर काय होतं ते बघितलं तर चूकच. विशीतली पोर, आणि किती मोजून बोलली बघा. आपण तिच्यावरचा सिनेमा बघून रडलो आणि गोपाळरावांना टाळ्या वाजवल्या."

"मी तर शिट्टी मारली होती हो."

"माहितीय, शेजारीच होते."

"मग आता हिचं काय करायचं? आज संध्याकाळीच वर जाते आणि त्याला चार शब्द सुनावते."

"अजिबात नाही. तुम्ही सुनावून खाली याल, वर ती राहील. आणि तिलाही अमुकच कर म्हणून सांगू नका. हुकूम सोडणारे दोन आहेतच, त्यात आपली भर कशाला?"

"मग नुसतं बघत बसायचं?"

"रविवारी मंडईत जाताना तिला हाक मारा. रिक्षाचे पैसे तुम्ही द्या, म्हणजे घरी हिशेब नको. १८१ चं मी तिला भाजी निवडता निवडता सांगेन. पुढचं तिचं ती ठरवेल."

"आणि तो मोबाइल?"

"घरी चार्जिंगला लावून येईल. आयटीत आहे ती, वहिनी."