उजव्या कानाविरुद्ध कट

प्रस्तुत विद्यार्थी मूळचा परभणीचा. शिक्षण भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, मुक्काम कोल्हापूर, राजारामपुरी अकरावी गल्ली, कॉट बेसिस. म्हणजे खोली सहा जणांची, खाट स्वतःची आणि साबण जो आधी उठेल त्याचा. अडीच वर्षांत त्याने हे शहर तीनच ठिकाणांहून पाहिलं : कॉलेज, मेस आणि मोबाइल. ‘नटरंग’ त्याने अकरा वेळा पाहिलाय. ज्या कादंबरीवर तो सिनेमा निघाला ती लिहिणारे आनंद यादव कागलचे, आणि कागल खोलीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, हा शोध त्याला नवव्या वेळी लागला.

“भावा, सिनेमाचं येड हाय म्हणतोस आणि खरी कॉर्नरचा क्यामेरा बघिटला न्हाईस?” गडहिंग्लजच्या रूम पार्टनरने एका रविवारी त्याची अब्रू काढली. म्हणून हा प्रवास. वाहन पार्टनरची मोपेड, अंतर तीन किलोमीटर, लागलेला वेळ सहा तास. कारण वाटेत मिसळ लागते.

मिसळीच्या दुकानाचं नाव इथे देत नाही. चूक त्यांची नव्हतीच. सातशे रुपयांचे इअरबड कानात घालून जेवायला बसणारा माणूस गुन्हेगार असतो. आदल्या रात्री मुक्तिवेगाचं प्रकरण वाचता वाचता विद्यार्थी व्हॉयेजर यानापाशी पोहोचला होता. १९७७ साली सुटलेल्या त्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात पंचावन्न भाषांमधले नमस्कार (मराठीही आहे, छाती फुगवायला हरकत नाही) आणि जगभरचं संगीत, सत्तावीस तुकडे, सुमारे नव्वद मिनिटं. ही सगळी यादी त्याने लावून ठेवली होती. ऐकण्यासाठी कमी, वर्गातल्या एका मुलीला सांगण्यासाठी जास्त.

ब्रेडचा तुकडा बुडवायला तो वाकला आणि उजवा इअरबड डुबुक् करून कटात गेला.

पुढची दहा मिनिटं बचावकार्याची. चमच्याने शोध घेतला, मटकी निघाली. पुन्हा घेतला, फरसाण निघालं. वाढपी पोरगा भांडं घेऊन उभा. “एक्स्ट्रा कट?” “नको! यात कान पडलाय माझा!” पोराने एकदा वाटीकडे आणि एकदा विद्यार्थ्याच्या शाबूत कानाकडे पाहिलं आणि मालकाला बोलावून आणलं. शेवटी पार्टनरने दोन बोटं घालून ऐवज बाहेर काढला, शर्टाला पुसला आणि “बघ की, चालतोय काय” म्हणत सरळ मित्राच्या कानात बसवला.

कोल्हापुरी कट जिभेसाठी असतो. कानात तो काय करतो याचं वर्णन लेखकाने टाळलेलं बरं. कोल्हापुरात तांबडा आणि पांढरा रस्सा जोडीने मिळतो; त्या क्षणी विद्यार्थ्याचे दोन्ही कान तसेच दिसत होते.

त्यातच स्वस्त इअरबडचा एक गुण उघड झाला : संबंध तुटला तरी फोन गप्प बसत नाही, स्पीकरवर गाऊ लागतो. तेलकट बोटांना पडदा दाद देईना, आणि भर दुकानात एका बाईंचा धारदार, भरघोस आवाज घुमू लागला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. विद्यार्थी पँटला हात पुसतोय, तोच शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे पोरा. केसरबाई हायत त्या. मधीच बंद करत्यात व्हय?”

व्हॉयेजरच्या तबकडीवरची भैरवी होती. साडेतीन मिनिटं. आजोबांनी तेवढा वेळ ब्रेडला हात लावला नाही. विद्यार्थ्याचा कान जळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं नेमकं किती पाणी कटामुळे होतं हे त्याला आजही सांगता येत नाही.

मग आजोबांनी माहिती पुरवली. केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या. आठ वर्षांच्या असताना गाणं शिकायला याच कोल्हापुरात आल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. पुढे गुरू मिळाले अल्लादियाखाँ, शाहू महाराजांचे दरबारगायक. अल्लादियाखाँचं चरित्र लिहिणारे पेटीवादक गोविंदराव टेंबे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त, म्हणजे पहिल्या मराठी बोलपटात, हरिश्चंद्र झाले. ‘प्रभात’चा तो बोलपट इथलाच. पन्नाशीत हिरो! विद्यार्थ्याला अचानक आपल्या दोन एटीकेटींची काळजी वाटेनाशी झाली.

उरलेली स्थळं भराभर. देवल क्लब, स्थापना १८८३ : बाहेरून पाहिला. केशवराव भोसले नाट्यगृह : शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. इथे पार्टनर, जो हेल्मेट घातल्यावरही बोलतो, काही बोलला नाही. आठवीत तो या रंगमंचावर झाड झाला होता.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ एकदाचा दिसला. बाबूराव पेंटरांनी चुलतभाऊ आनंदरावांबरोबर स्वदेशी कॅमेरा घडवायला घेतला. आनंदराव मध्येच वारले, बाबूरावांनी तो पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला तानीबाई कागलकरांनी. १९२० साली ‘सैरंध्री’ आला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. विद्यार्थी स्तंभाशी फोटोला उभा राहिला, डावी बाजू पुढे करून. उजवी छापण्यासारखी नव्हती.

व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. हे त्या मुलीला सांगून झालं. ती म्हणाली, “पण तुझ्या कानाला काय झालं?”

उजवा इअरबड आता वाजत नाही, वास मात्र देतो. कुणाकडे त्याच जातीचा उजवा पडून असेल तर अकराव्या गल्लीत आणून द्यावा. मिसळ विद्यार्थ्याकडून.